डॉ. अल्बर्ट क्लिगमन : मुरमांवरील मलमाचा जनक

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. उपनगरातील कोणत्याही स्थानकाबाहेर पडावे, तर पहिल्या शंभर पावलांत औषधाचे एखादे तरी दुकान लागतेच. संध्याकाळच्या गर्दीत तेथे थांबणाऱ्या तरुण गिऱ्हाइकांपैकी अनेकांना तापाचे वा खोकल्याचे औषध नको असते. चेहऱ्यावरच्या मुरमांसाठी, मुरमांमागे राहिलेल्या काळ्या डागांसाठी किंवा गालांवरच्या वांगासाठी त्यांना एक छोटीशी ट्यूब हवी असते. त्या ट्यूबवरील बारीक अक्षरांत पुष्कळदा ट्रेटिनॉइन किंवा त्याच्याच कुळातील एखादे नाव आढळते. अ जीवनसत्त्वाशी नाते सांगणाऱ्या या द्रव्यांना रेटिनॉइड म्हणतात. हे द्रव्य मुरमांवरचे औषध म्हणून जगापुढे आणणारे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांचे नाव त्या गिऱ्हाइकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्वचाशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. विसाव्या शतकातील त्वचाविज्ञानावर क्लिगमन यांची मुद्रा खोल उमटली आहे आणि त्या मुद्रेवरचा डागही तितकाच गडद आहे.

अल्बर्ट क्लिगमन यांचा जन्म १७ मार्च १९१६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. वडील वर्तमानपत्रांचे वितरण करीत, आई दुकानात विक्रेती होती. घरची परिस्थिती बेताचीच. बालवीर पथकाबरोबर शहराबाहेरच्या रानात जाण्याची संधी मिळाली आणि मुलाला झाडापानांची ओढ लागली. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून ते १९३९ मध्ये पदवीधर झाले. तेथे ते कसरतपटूंच्या संघाचे कर्णधारही होते. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला आणि १९४२ मध्ये डॉक्टरेट मिळविली. त्यांचा विषय होता बुरशी. अळिंबीच्या लागवडीवर त्यांनी त्या काळात एक मार्गदर्शक पुस्तकही लिहिले होते.

बुरशीचा हा अभ्यासक त्वचेकडे वळला, यात नवल काही नाही. नायटा, गजकर्ण, पावसाळ्यात पायांच्या बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्या हे सारे बुरशीचेच प्रताप. वनस्पतिशास्त्रातून मिळालेल्या या ज्ञानाला वैद्यकाची जोड द्यावी म्हणून क्लिगमन यांनी त्याच विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९४७ मध्ये ते डॉक्टर झाले. याच वर्षी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवरील खटल्याचा निकाल लागला. माणसावर प्रयोग करायचा तर त्याची समजून-उमजून दिलेली, दडपणाविना मिळालेली संमती हवी, हे तत्त्व त्या निकालपत्राने जगापुढे ठेवले. क्लिगमन यांच्या पुढील आयुष्याचे मोजमाप करताना या योगायोगाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

त्या काळी त्वचारोगशास्त्र हे वैद्यकाच्या घरातले दुय्यम दालन समजले जाई. रोगांची लांबलचक लॅटिन नावे पाठ करावीत आणि परंपरेने चालत आलेली मलमे लिहून द्यावीत, एवढ्यावर बहुतेकांचे काम भागे. त्वचा अशी का वागते, हा प्रश्न विचारणारे थोडे होते. क्लिगमन यांनी तो सतत विचारला. केस कसा वाढतो आणि का गळतो, घामाच्या व तेलाच्या ग्रंथी कशा चालतात, साबण त्वचेला कोठे दुखावतो, अशा शेकडो गोष्टी त्यांनी तपासल्या. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाच्या वेलीच्या स्पर्शाने अंगावर फोड येतात. आपल्याकडे बिब्बा उततो, तसाच हा प्रकार. बिब्बा आणि ही वेल एकाच वनस्पतिकुळातील आहेत. वनस्पती आणि त्वचा या दोन्ही विषयांत गती असलेल्या क्लिगमन यांनी या विकारावर केलेले काम दीर्घकाळ आधारभूत मानले गेले. शिक्षक म्हणून ते विलक्षण लोकप्रिय होते. त्यांचे बोलणे तिखट आणि विनोदी असे. त्यांच्या हाताखाली शिकलेले अनेकजण पुढे निरनिराळ्या देशांत नावारूपाला आले.

याच संशोधनाच्या ओघात १९५१ साल उजाडले. फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांमध्ये चिखल्यांची साथ आली होती. तिच्यावर उपाय सुचविण्यासाठी तरुण डॉ. क्लिगमन यांना पाचारण करण्यात आले. साथीचा प्रश्न बाजूला राहिला आणि तुरुंगातील शेकडो माणसे हाताशी असण्याचे मोल या संशोधकाच्या नजरेत भरले. एकाच जागी राहणारी, एकच अन्न खाणारी, ठरल्या दिवशी हजर सापडणारी ही माणसे प्रयोगासाठी सोयीची होती. पुढील तेवीस वर्षे, १९७४ पर्यंत, तेथे प्रयोग चालू राहिले. औषधकंपन्या, प्रसाधनकंपन्या आणि अमेरिकी लष्कर यांनी त्यासाठी पैसा पुरविला. साबण, शाम्पू, अत्तरे यांच्यापासून विषारी रसायनांपर्यंत नाना द्रव्ये कैद्यांच्या पाठीवर आणि हातांवर लावली गेली. लहान लहान चौकोनी पट्ट्या चिकटवलेल्या पाठी हे त्या तुरुंगातले नेहमीचे दृश्य झाले.

हे कैदी बहुतांशी कृष्णवर्णीय आणि गरीब होते. त्यांतील अनेकांचा खटलाही उभा राहिलेला नव्हता. जामिनापुरते पैसे नसल्याने ते आत अडकले होते. तुरुंगातील कामाला दिवसाकाठी काही सेंट मिळत, तर प्रयोगात भाग घेतल्यास काही डॉलर हाती पडत. त्यांनी कागदांवर सह्या केल्या होत्या, हे खरे. परंतु आपल्या अंगावर काय लावले जात आहे आणि त्याचे पुढे काय होऊ शकेल, हे त्यांतील बहुतेकांना कोणी नीट सांगितले नव्हते. ज्याला सुटकेसाठी पैशांची निकड आहे आणि ज्याला माहितीच दिलेली नाही, त्याच्या सहीला संमती म्हणावे काय, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही.

क्लिगमन यांचे सर्वांत मोठे यश या पार्श्वभूमीवर उभे आहे. मुरूम हा विकार वरकरणी किरकोळ वाटतो. तारुण्यात येतो आणि जातो, असे म्हणून घरातील वडीलधारे त्याची बोळवण करतात. पण ज्याच्या चेहऱ्यावर तो वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो आणि जाताना खड्डे ठेवून जातो, त्याचे दुःख किरकोळ नसते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या विकारावर गंधकाची मलमे, पथ्ये आणि काही ठिकाणी चक्क क्ष-किरण यांचा मारा केला जाई. मुरमाची सुरुवात कोठे होते, याकडे क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष केंद्रित केले. आपल्या त्वचेवरील प्रत्येक केशकूपाच्या आतील अस्तराच्या पेशी झडत असतात आणि तेलाबरोबर वाहून बाहेर पडत असतात. काहीजणांच्या बाबतीत या पेशी एकमेकींना चिकटतात आणि केशकूपाच्या तोंडाशी बूच बसते. आत तेल साचते, जंतू वाढतात, दाह होतो आणि मुरूम फुगतो. याचा अर्थ असा, की उपाय करायचा तर बूच बसण्याच्या टप्प्यावरच करायला हवा.

हे बूच मोकळे करणारे द्रव्य अ जीवनसत्त्वाच्या कुळात सापडले. आपल्याकडे अ जीवनसत्त्व म्हटले की गाजर, माशाच्या यकृताचे तेल आणि रातांधळेपणा आठवतो. या जीवनसत्त्वाच्या अभावी त्वचाही खरखरीत होते आणि केशकूप कडक पेशींनी भरतात, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लक्षात आले होते. स्विस शास्त्रज्ञ पॉल कॅरर यांनी १९३१ मध्ये या जीवनसत्त्वाची रासायनिक रचना उलगडली. त्यांना १९३७ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. मुरमांसाठी हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात पोटात देण्याचे प्रयोग झाले, पण तेवढ्या मात्रेत ते विषासमान ठरते. मग त्याचे आम्ल, म्हणजेच ट्रेटिनॉइन, बाहेरून लावून पाहण्याची कल्पना पुढे आली. जर्मनीतील संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी इतर त्वचाविकारांवर ते वापरून पाहिले होते. मात्र ते त्वचेला इतके झोंबे, की त्याचा पाठपुरावा फारसा झाला नाही.

क्लिगमन यांनी नेमका या झोंबण्याचा विचार केला. मात्रा किती ठेवावी, कशात मिसळावे, किती दिवस धीर धरावा, याची त्यांनी चिकाटीने चाचपणी केली. जेम्स फुल्टन आणि गर्ड प्लेविग यांच्यासह त्यांनी १९६९ मध्ये मुरमांवरील या आम्लाच्या उपयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. १९७१ मध्ये अमेरिकेत हे औषध रेटिन-ए या नावाने मान्यता पावले. ते बाजारात आणणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीचे नाव मुंबईकरांना परके नाही. मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरील तिचा कारखाना अनेक दशके उपनगराच्या ओळखीचा भाग होता. पुढे भारतीय औषधांच्या दुकानांतही हे मलम रेटिनो-ए या नावाने रुळले. या यशालाही होम्सबर्गची छाया आहे, कारण या औषधाच्या आरंभीच्या चाचण्यांमध्ये तेथील कैद्यांची त्वचा वापरली गेली होती.

हे औषध खरोखर गुणकारी आहे, हे निःसंकोच सांगितले पाहिजे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला, तरी मुरमांवरील बाह्योपचारांत रेटिनॉइडचे स्थान अढळ आहे. नंतर आलेले अॅडापॅलिन हे त्याच घराण्यातील सौम्य भावंड. परंतु या औषधाचा स्वभाव ओळखून घ्यावा लागतो. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा लाल होते, कोरडी पडते, तिचे पापुद्रे निघतात. कधी कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. गुण दिसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे मलम पुरते. ते रात्री, कोरड्या त्वचेवर लावायचे असते आणि दिवसा उन्हापासून चेहऱ्याचे रक्षण करायचे असते. गर्भवतीने आणि गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने ते टाळायचे असते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला आणखी एक जपणूक हवी. औषधाने फार दाह झाला, तर त्या दाहाचेच काळे डाग मागे राहतात. म्हणून कमी मात्रेने, एक दिवसाआड सुरुवात करून हळूहळू वाढवत नेण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात.

मुरमांच्या खुणांबाबतही सर्वसामान्यांचा मोठा गैरसमज असतो. मुरूम बसल्यावर राहणारा सपाट काळा डाग ही एक गोष्ट आणि त्वचेत पडलेला खड्डा ही दुसरी. पहिला डाग रेटिनॉइडने हळूहळू फिकट होतो. त्वचेतील कोलॅजन वाढविण्याचा गुण या औषधात असल्याने उथळ व्रणांत थोडाफार फरकही पडतो. पण टाचणीने टोचल्यासारखे खोल खड्डे कोणत्याही मलमाने भरून निघत नाहीत. त्यांसाठी डॉक्टरांना सुई, लेसर किंवा छोटी शस्त्रक्रिया यांचा आधार घ्यावा लागतो. म्हणून मुरूम ताजे असतानाच उपचार करणे हाच खड्डे टाळण्याचा खरा मार्ग होय.

पुन्हा क्लिगमन यांच्या चरित्राकडे वळू. रेटिन-एला मान्यता मिळण्याच्या काही वर्षे आधीच होम्सबर्गमधील सर्वांत काळे प्रकरण घडून गेले होते. डाऊ केमिकल या कंपनीच्या कामगारांना डायॉक्सिन या रसायनामुळे अंगावर भयंकर मुरूम येत होते. व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंजमधील दूषित घटक म्हणून पुढे कुख्यात झाले ते हेच रसायन. त्याचा परिणाम तपासण्याचे काम कंपनीने क्लिगमन यांच्याकडे सोपविले. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी ते कैद्यांच्या त्वचेवर लावले. ठरलेल्या मात्रेने काही घडेना, तेव्हा त्यांनी दहा कैद्यांवर कंपनीने मान्य केलेल्या मात्रेच्या चारशेहून अधिक पट मात्रा वापरली. बहुतेकांना महिनोन्महिने टिकणारे फोड आले. त्या माणसांचे पुढे काय झाले, याचा माग काढण्याची व्यवस्था कोणी केली नाही. १९६६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोंदींतील गैरप्रकारांवरून त्यांना नव्या औषधांच्या चाचण्या करण्यास बंदी केली. ती थोड्याच काळात उठली आणि काम पूर्ववत सुरू झाले.

अखेर काळच बदलला. टस्कीगी येथील कृष्णवर्णीय रुग्णांना उपदंशाचे उपचार न देता दशकानुदशके निरीक्षणाखाली ठेवल्याचे १९७२ मध्ये उघड झाले आणि अमेरिका हादरली. माणसांवरील प्रयोगांबद्दल संसदेपुढे सुनावण्या झाल्या. १९७४ मध्ये होम्सबर्गमधील प्रयोग थांबले. क्लिगमन यांना मात्र शेवटपर्यंत खंत वाटली नाही. त्या काळच्या रीतीला धरूनच आपण वागलो, कैद्यांना मोबदला मिळाला आणि जगाला औषधे मिळाली, अशीच त्यांची भूमिका राहिली.

यानंतरच्या वर्षी, १९७५ मध्ये, त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले दुसरे काम प्रसिद्ध झाले. मुंबईच्या उपनगरांतील असंख्य चेहऱ्यांशी त्याचा रेटिन-एहूनही निकटचा संबंध आहे. आयझॅक विलिस यांच्यासह लिहिलेल्या या निबंधात त्यांनी त्वचेचा काळा रंग उतरविणारे मिश्रण सांगितले. त्यात ०.१ टक्का ट्रेटिनॉइन, ५ टक्के हायड्रोक्विनोन आणि ०.१ टक्का डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड होते. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य बनण्याची क्रिया रोखते, ट्रेटिनॉइन त्याला आत शिरायला मदत करते आणि स्टिरॉइड दोघांमुळे होणारा दाह शमविते. वांग, चेहऱ्यावरील तीळवजा ठिपके आणि मुरमांमागचे डाग यांवर त्याचा उत्तम उपयोग झाला. त्वचारोगतज्ज्ञ त्याला आजही क्लिगमन सूत्र म्हणतात.

भारतात फेअर अँड लव्हली हे गोरेपणाचे क्रीम बाजारात आले तेही १९७५ मध्येच. त्या क्रीमचा या सूत्राशी रासायनिक संबंध काही नाही. त्याने निर्माण केलेल्या अपेक्षेचा मात्र आहे. गोरी, नाकीडोळी नीटस वधू मागणाऱ्या विवाहविषयक जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत त्याआधीपासूनच झळकत होत्या. ट्यूबमधून गोरेपण पिळून काढता येते, ही समजूत आता घरोघर रुजली. हे क्रीम बनविणाऱ्या कंपनीचे मुख्यालय आज अंधेरीच्या चकाल्यात आहे. २०२० मध्ये तिने नावातील गोरेपणाचा निर्देश काढून टाकला. नाव बदलले, तरी ओढ एवढ्यात बदलणारी नव्हती.

या ओढीला क्लिगमन सूत्राचे भारतीय रूप सापडले. येथील कंपन्यांनी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्याबरोबर मोमेटासोन हे प्रभावी स्टिरॉइड घातलेली तिहेरी मलमे काढली. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, वांगासाठी, मोजक्या आठवड्यांपुरते हे औषध उपकारक आहे. अमेरिकेत २००२ मध्ये अशाच एका मिश्रणाला मान्यता मिळाली, तीही सौम्य स्टिरॉइडसह आणि साधारण आठ आठवड्यांच्या वापरापुरती. आपल्याकडे मात्र ही मलमे शेजारणीच्या, मैत्रिणीच्या, पार्लरमधील ताईच्या किंवा काउंटरमागच्या विक्रेत्याच्या शब्दावर घरात आली. आठवड्याभरात चेहरा उजळतो, मुरूम बसतात, म्हणून ती महिनोन्महिने लावली गेली. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते, उन्हात पाऊल टाकताच चेहरा भाजल्यासारखा होतो आणि मुरूम दुप्पट जोमाने उठतात. मलम थांबवावे, तर दाह भडकतो. पुन्हा लावावे, तर तात्पुरते बरे वाटते. हे चक्र एखाद्या व्यसनासारखे असते.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा अशा अर्थाचे स्वतंत्र नावच दिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत असल्याचे आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरखेरीज इतर कोणी सुचविले होते. औषधविषयक नियमांच्या परिशिष्ट एचमध्ये बाहेरून लावण्याच्या औषधांना सूट होती आणि त्या फटीतून ही मलमे मुक्तपणे विकली जात होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठविला. अखेर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडांच्या मलमांपुरती ही सूट काढून घेतली. आता ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे नियमबाह्य आहे. नियमाची अंमलबजावणी मात्र शेवटी काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांच्या हाती असते.

क्लिगमन यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध कीर्ती आणि कज्जे यांनी भरलेला आहे. मुरमांसाठी रेटिन-ए वापरणाऱ्या मध्यमवयीन स्त्रिया आपल्या सुरकुत्या कमी झाल्याचे सांगू लागल्या, तेव्हा त्यांनी त्याकडे संशोधकाच्या नजरेने पाहिले. उन्हामुळे त्वचेला येणारे वार्धक्य हा त्यांच्या व त्यांच्या पत्नी लोरेन क्लिगमन यांच्या अभ्यासाचा विषय झाला. १९८६ मध्ये त्यांनी त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ३० जणांवरील १६ आठवड्यांच्या चाचणीतून या परिणामाला पुष्टी दिली आणि दुकानांपुढे अक्षरशः झुंबड उडाली. सुरकुत्यांवरील उपयोगाच्या हक्कावरून विद्यापीठ आणि क्लिगमन यांच्यात वाद न्यायालयात गेला आणि तडजोडीने मिटला. सुरकुत्यांसाठी मान्यता नसताना औषधाचा प्रचार केल्याची चौकशी सुरू असता उत्पादक कंपनीच्या ऑर्थो या शाखेने कागदपत्रे नष्ट केली होती. त्याबद्दल तिने १९९५ मध्ये गुन्हा कबूल करून ७५ लाख डॉलरचा भुर्दंड सोसला. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरकुत्यांसाठीचे मलम रेनोव्हा या नावाने अधिकृतपणे मान्य झाले. औषध आणि प्रसाधन यांच्या सीमेवरील उत्पादनांसाठी कॉस्मेस्युटिकल हा शब्द क्लिगमन यांनीच रूढ केला. स्वामित्वधनातून मिळालेल्या पैशांपैकी लक्षावधी डॉलर त्यांनी आपल्या विद्यापीठाच्या त्वचारोग विभागाला दिले.

१९९८ मध्ये अॅलन हॉर्नब्लम यांचे होम्सबर्गवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पाव शतकापूर्वी मिटलेला तुरुंगाचा दरवाजा पुन्हा उघडला. वृद्ध झालेले कैदी आपल्या पाठीवरचे डाग दाखवीत पुढे आले. २००० मध्ये सुमारे ३०० माजी कैद्यांनी विद्यापीठ, क्लिगमन आणि कंपन्या यांच्यावर दावा दाखल केला. मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून तो फेटाळला गेला. ९ फेब्रुवारी २०१० रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने क्लिगमन यांचे फिलाडेल्फियात निधन झाले. त्यांनी माफी मागितली नव्हती. ते काम इतरांना करावे लागले. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने होम्सबर्गमधील प्रयोगांबद्दल जाहीर क्षमायाचना केली आणि त्यांच्या नावाची व्याख्यानमाला बंद केली. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहरानेही माफी मागितली.

अशा माणसाचे मोल कसे करावे? ज्याच्या मलमाने लक्षावधी तरुण-तरुणींना आरशापुढे निर्धास्तपणे उभे राहता आले, त्याला नाकारणे अन्यायाचे होईल. ज्यांच्या पाठींवर त्या ज्ञानाची किंमत वसूल झाली, त्यांना विसरणे त्याहून मोठा अन्याय होईल. या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात घडल्या आहेत आणि त्या एकत्रच सांगायला हव्यात.

आपल्यासाठी या चरित्राचे तात्पर्य होम्सबर्गच्या कैद्यांपाशी सापडते. आपल्या त्वचेवर काय लावले जात आहे, कशासाठी, किती दिवस आणि त्याने काय बिघडू शकते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यांना विचारण्याची मुभाही नव्हती. घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या दुकानातून चिठ्ठीविना तिहेरी मलम नेणारी मुलगी कैदी नाही. ट्यूबवर घटकांची नावे छापलेली आहेत, विचारायला त्वचारोगतज्ज्ञ आहेत, विलेपार्ल्याच्या कूपरसारख्या पालिका रुग्णालयात अल्प खर्चात तपासून घेण्याची सोय आहे. तरीही न विचारता ते मलम लावले, तर तीही नकळत एका प्रयोगाचा विषय होते आणि या प्रयोगाची नोंद ठेवायला कोणी नसते. मुरमांवर ट्रेटिनॉइन जरूर घ्यावे, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने. घेताना ट्यूब उलटी करून घटकांची यादी वाचावी. तीत मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव आढळले, तर हे चेहऱ्याला किती दिवस लावायचे, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. महिनोन्महिने असे मलम लावून झाले असेल, तर ते एकाएकी बंद करण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे. चिठ्ठीचा तो कागद अनेकांना कटकटीचा वाटतो. होम्सबर्गमध्ये जे संभाषण कधी झाले नाही, ते घडवून आणण्याचे काम तोच कागद करतो.